डावा हात आधी हलला

काटोलच्या स्टेशनावर उभे राहा. वर्ष 1965, जूनचे पहिले दिवस. नवतपा नुकताच संपलाय, पण फलाटाची फरशी अजून चपलेतून तळव्याला भाजते. तुमच्या अंगावर धोतर आणि पांढरा सदरा आहे, खांद्यावर दुपट्टा. तुम्ही आता एका चार वर्षांच्या पोराचे मामा आहात. पहाटे बहिणीच्या गावाहून बंडी निघाली, ऊन चढायच्या आत तुम्ही इथं पोचलात. बहीण कडुनिंबाखाली बसलीय. पोरगं तिच्या मांडीवर, त्याच्या कपाळावर ओली पट्टी आणि तिच्या मुठीत फोडलेला कांदा. रात्री लेकराला झटके आले, तेव्हा सासूनं तोच कांदा त्याच्या नाकाला लावला होता. सकाळ झाली तरी बहिणीनं तो टाकलेला नाही.

पॅसेंजर येते. इंजिनाचा धूर आणि कोळशाची कच डोळ्यांत जाते. डब्यात जागा नसते, पण बहिणीकडे पाहून दोन बाया सरकतात, एक म्हातारा उठून उभा राहतो. मेटपांजरा जातं, सोनखांब जातं, कोहळी, कळमेश्वर. खिडकीबाहेर संत्र्याच्या बागा, त्यांच्या बुडाशी पाण्याची आळी. डब्यातल्या प्रत्येकाकडे एक उपाय आहे. कुणी चामड्याची चप्पल हुंगवायला सांगतं, कुणी एका देवस्थानाचं नाव घेतं. एक म्हातारी मात्र पदरानं वारा घालत फक्त विचारते, "कवापासून हाय बाई?" बहीण तोंड उघडते, पण तेवढ्यात पोराचे ओठ थरथरतात आणि ती त्याच्यावर वाकते. उत्तर तोंडातच राहतं.

या प्रश्नाकडे लक्ष ठेवा. कवापासून. तो तुम्हाला आज पुन्हा भेटणार आहे.

नागपूर. टांगा. मोठ्या सरकारी दवाखान्याच्या पायऱ्या. आत फिनेलचा वास, माणसांचा वास, उकळत्या पाण्यातल्या काचेच्या पिचकाऱ्यांची किणकिण. टेबलामागचा तरुण डॉक्टर मान वर करतो आणि पहिला शब्द बोलतो, "सोबत कोण आहे?"

"मी आहे जी. मामा."

इथून पुढचे सगळे प्रश्न तुमच्याकडे येतात. बहीण तुमच्या मागे, भिंतीला टेकून. पदर कपाळापर्यंत ओढलेला.

"ताप केव्हापासून?"

तुम्हाला सांगावा काल आला. तुम्ही म्हणता, "कालपासून जी."

"झटका कसा आला?"

तुम्ही तिथं नव्हता. पण काही तरी सांगायलाच हवं, डॉक्टर थांबलाय, मागे रांग आहे. "पुरं अंग हाललं जी."

"घरात कुणी आजारी?"

"नाही जी."

तिन्ही उत्तरं केसपेपरवर शाईनं लिहिली जातात. तिन्ही चुकीची आहेत. तुम्ही खोटं बोलला नाहीत. तुम्हाला माहीतच नव्हतं, आणि जिला माहीत होतं तिला कुणी विचारलं नाही. तुम्हीही नाही.

पोराला भरती करतात. लांब वार्ड, दोन्ही बाजूंनी लोखंडी खाटा. सिस्टर मोठ्या काचेच्या पिचकारीतून पॅराल्डिहाइडचं इंजेक्शन देते. झटके थांबवणारं ते औषध इतक्या उग्र वासाचं, की थोड्या वेळानं पोराच्या श्वासालाही तोच वास येऊ लागतो आणि बहीण घाबरते. "याच्या तोंडाला कशाचा वास येते दादा?" तुम्हाला ठाऊक नाही. सांगणारं कुणी नाही.

आता जरा खाटांच्या खाली पाहा. प्रत्येक खाटेखाली एक सतरंजी, एक गाठोडं, पितळी डबा, आणि कुणाची तरी माय. रात्री सगळ्या तिथंच निजतात. लेकराचं अंग पुसणं, चादर बदलणं, तोंडात चमच्यानं पाणी घालणं, सलाईनची बाटली संपत आली की धावत जाऊन सिस्टरला सांगणं, हे सगळं त्या करतात. शेजारच्या खाटेखालची माय कुठं गेली असली, तर त्याही पोराला कुशीवर वळवतात. वार्ड चालतो तो त्यांच्या हातांवर. पण केसपेपरवर त्यांच्या नावाची जागा नाही, आणि सकाळी डॉक्टरांचा राउंड आला की सगळ्यांना बाहेर काढलं जातं. मग बाहेरच्या व्हरांड्यात मायांची रांग लागते आणि जी ती दाराच्या फटीतून आपल्याच खाटेकडे पाहत असते.

संध्याकाळी तुम्ही आणि बहीण जिन्यावर बसता. भाकर कोरडी झालीय. ती पहिल्यांदा बोलते, आणि बोलतच राहते. तीन आठवड्यांपासून कणकण होती. पोरगं खेळेना, उजेडाकडे पाहिलं की चिडे. सकाळी उठलं की भडभडून ओके. लोक म्हणाले, नजर लागली. मामंजी चार महिन्यांपासून खोकतात, रात्रभर, आणि पोरगं त्यांच्याजवळच निजते. आणि झटका आला तवा पुरं अंग नव्हतं हाललं. "आधी डावा हात हालला दादा. नुसता डावा. मंग तोंड डावीकडं वाकडं झालं. मंग डोये फिरवले, आन् मंग बाकी अंग."

तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला यातल्या कशाचा अर्थ लागत नाही. मी मात्र इथं थांबून सांगतो, कारण या जिन्यावरच्या पाच मिनिटांत त्या पोराच्या आजाराचं जवळजवळ सगळं निदान आहे. डावा हात आधी हलला म्हणजे झटका आणणारा विजेचा लोळ मेंदूच्या उजव्या भागात उठला. तिथं काही तरी आहे. तीन आठवड्यांची कणकण, चिडचिड, सकाळच्या उलट्या म्हणजे एका दिवसाचा मेंदूज्वर नव्हे. मेंदूच्या आवरणाला हळूहळू सूज येतेय. आणि घरात चार महिने खोकणारा आजोबा. हा क्षयाचा मेंदूज्वर असण्याची शक्यता फार मोठी. त्यावर 1965 साली औषध होतं: स्ट्रेप्टोमायसिन होतं, 1952 पासून आयसोनियाझिड होतं. मात्र ते लवकर सुरू झालं तरच उपयोग. पोर पूर्ण बेशुद्धीत गेल्यावर सुरू केलं, तर पोरगं जगलं तरी पांगळं, आंधळं, बहिरं होऊन जगण्याची भीती.

तुम्ही उठता. डॉक्टरांना सांगायला हवं एवढं तुम्हाला कळतं. पण ते दुसरीकडे गेलेत. सिस्टर म्हणते, उद्या राउंडला सांगा. उद्याच्या राउंडला तुम्ही व्हरांड्यात असणार.

त्या तरुण डॉक्टरला मी दोष देत नाही. त्याच्यापुढं रांग होती आणि तो दोन रात्री झोपलेला नव्हता. तो शिकला त्या पुस्तकांत मेंदूच्या शिरा होत्या, झटक्यांचे प्रकार होते. पदर ओढून भिंतीशी उभ्या असलेल्या बाईला कसं बोलतं करावं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

तुम्हाला या वर्षातून आता निघावं लागेल. पोराचं पुढं काय झालं ते तुम्हाला कळणार नाही.

जाता जाता याच वर्षातली आणखी एक गोष्ट बघून घ्या. 1965 साली नागपूर भागात तापाची मोठी साथ होती, डेंग्यू आणि चिकुनगुनियाची. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ रुग्णांचं रक्त तपासत होते. त्यात दोन रुग्णांच्या रक्तात त्यांना असा विषाणू मिळाला, जो यापूर्वी कुणीच पाहिला नव्हता. प्रवीण भट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांनी 1967 साली त्यावर लिहिलं. विषाणूला नाव दिलं ते इथल्याच गावाचं, चांदीपुरा. तेव्हा तो साध्या तापाचा वाटला. त्याची खरी ओळख पुढं पटायची होती.

आता क्षणभर दूर जाऊ. 1950 च्या दशकाची सुरुवात, लंडन. स्वच्छ वार्ड, पांढऱ्या चादरी, खेळणी. खाटेखाली कुणीही नाही. अडीच वर्षांची एक मुलगी आठ दिवसांसाठी भरती आहे, छोटी शस्त्रक्रिया आहे. जेम्स रॉबर्टसन नावाचा माणूस तिचं चित्रीकरण करतोय. ती फारशी रडत नाही. अधूनमधून फक्त आई कुठंय असं विचारते आणि ओठ घट्ट मिटून घेते. आई भेटायला येते तेव्हा ती तोंड फिरवते. त्या काळी तिथं आईबापांना ठरलेल्या वेळीच भेटता येई, काही ठिकाणी आठवड्यातून एखादा तास. आई आली की मुलं रडतात, म्हणून आईनं न आलेलं बरं, अशी समजूत. न्यूकॅसलचे डॉक्टर जेम्स स्पेन्स 1920 च्या दशकापासून आजारी तान्ह्यांबरोबर आयांनाही ठेवून घेत, पण असे डॉक्टर विरळाच. रॉबर्टसनच्या चित्रपटावर डॉक्टरमंडळी आधी रागावली. मग 1959 साली सर हॅरी प्लॅट यांच्या समितीनं सरकारला सांगितलं, की मुलांच्या वार्डात आईबापांना केव्हाही येऊ द्या, लहानग्यांच्या आयांना मुक्कामाला जागा द्या. ते अंमलात येण्यासाठी तिथल्या आयांना 1961 पासून संघटना करून वर्षानुवर्षं भांडावं लागलं.

हे पाहून काटोलच्या माणसाला काय वाटेल? आमच्याकडे तर राउंडची वेळ सोडली, तर माय वार्डाबाहेर गेलीच नाही. ती खाटेखाली निजली, पण निजली. त्यांनी जे भांडून मिळवलं ते आमच्याकडे आधीपासून होतं. मला याचं मोल मोठं वाटतं, आणि ते आपण कधी जोखलंच नाही असंही वाटतं. तिथं आईला आत घ्यायचं होतं. इथं आत असलेल्या आईला बोलतं करायचं होतं.

चला, पुन्हा काटोल. 2003, पावसाळा. आता तुम्ही बाप आहात, तिशीतले. काल संध्याकाळी तुमची सात वर्षांची पोर अंगणात लगोरी खेळत होती. रात्री जेवली, वरण-भात आणि थोडं लोणचं. पहाटे अंग तव्यासारखं तापलेलं. सात वाजता उलटी, आठला झटका. ट्रॅक्सवाल्याला उठवलं, काटोलच्या दवाखान्यात दाखवलं, चिठ्ठी मिळाली, आणि आता फेटरी मागे टाकून तुम्ही नागपूरच्या काटोल नाक्याशी पोचलात. पोर तिच्या मायच्या मांडीवर आहे आणि हाकेला ओ देत नाही.

त्या वर्षी जून ते ऑगस्टमध्ये आंध्र प्रदेशात आणि महाराष्ट्रात असंच चाललं होतं. आंध्रात 329 मुलं आजारी पडली, त्यांतली 183 गेली. निम्म्याहून जास्त, आणि बहुतेक दोन दिवसांच्या आत. शास्त्रज्ञांनी शोधलं तेव्हा अडतीस वर्षांपूर्वी नागपूरकडे सापडलेला तोच विषाणू निघाला. तो पसरतो वाळूमाशीमुळे. डासाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी ही माशी गुणगुणत नाही, उंच उडत नाही. मातीच्या भिंतीच्या भेगांत, कोठ्यातल्या शेणामातीच्या ओलाव्यात राहते आणि अंधार पडला की टुणटुणत येऊन चावते. पुढच्या वर्षांतही विदर्भातल्या पोरांना तिनं गाठलं. 2024 साली गुजरातेत पुन्हा. या विषाणूवर आजही नेमकं औषध नाही. ताप उतरवायचा, झटके थांबवायचे, मेंदूची सूज कमी करायची, श्वास चालू ठेवायचा, आणि वाट पाहायची.

नागपूरला एका अतिदक्षता विभागाच्या काचेच्या दाराशी तुम्ही उभे आहात. कुठल्या, ते महत्त्वाचं नाही. असं दार सगळीकडे होतं. पोर आत गेली. दारावर पाटी, नातेवाइकांनी बाहेर थांबावे. मधूनमधून दार उघडतं, एक हात चिठ्ठी देतो, तुम्ही खाली मेडिकल स्टोअरकडे धावता, इंजेक्शन घेऊन वर येता, दार उघडतं, हात ते घेतो. दुपारभर हेच. बायको दाराच्या खालच्या पट्टीशी बसलीय. पोरीची एक चप्पल तिच्या हातात आहे, दुसरी ट्रॅक्समध्ये राहिली.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर येतात. "सीरियस आहे. आम्ही प्रयत्न करतोय." एवढंच बोलून आत. ते प्रयत्न करताहेत हे खरं आहे, त्यांचे डोळे लाल आहेत. पण बायको तुम्हाला विचारते, "तिले समजत असन का, मी इथंच हाओ म्हणून?" आणि तुमच्याकडे उत्तर नाही.

इथं मला स्पष्ट बोलायचंय. ज्या आजाराला औषध असतं तिथं आईला विचारणं निदानासाठी लागतं, हे पटवणं सोपं. पण जिथं औषध नाही, जिथं पोर कदाचित रात्रभरच आपल्यात आहे, तिथं आईला दाराबाहेर ठेवून आपण काय वाचवतो? संसर्गाची भीती असते, ती खोटी नाही. आत यंत्रं असतात, धावपळ असते, गर्दी झाली तर हात बांधल्यासारखे होतात. पण एक माय, हात धुऊन, अंगावर झगा घालून, पोरीच्या उशाशी खुर्चीवर बसली तर गर्दी होत नाही. कान शेवटपर्यंत ऐकत असण्याची शक्यता असते. पोरीला नावानं हाक मारणारं माणूस जवळ असावं. एवढा हक्क त्या पोरीचा होता आणि तिच्या मायचाही.

त्या दारापाशी मी तुम्हाला जास्त वेळ ठेवणार नाही.

मधली काही वर्षं भराभर ओलांडू, पण डोळे उघडे ठेवून. विदर्भातच, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 1995 ते 1998 या काळात 39 गावांत एक काम केलं. तान्ह्या बाळांचे मृत्यू घरातच होतात, तर उपचारही घरात नेऊ, असं म्हणून गावातल्याच बायांना शिकवलं. बाळाचं वजन करायचं, जंतुदोषाची लक्षणं ओळखायची, गरज पडली तर इंजेक्शनही द्यायचं. आयांना काय पाहायचं ते सांगितलं. नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, आणि तो अहवाल 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. कमी शिकलेल्या बाईला कळत नाही, हे म्हणणं तिथंच संपायला हवं होतं. पुढं 2017 साली केंद्र सरकारनं नवजात बालकांच्या कक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, की आईबापांना आत घ्या, हात धुवायला शिकवा, बाळाची काळजी कशी घ्यायची ते टप्प्याटप्प्यानं शिकवा. कुटुंबाचा सहभाग हा शब्द सरकारी कागदावर आला. पण तो नवजातांच्या कक्षापुरता.

आणि याहून जुनं एक माणूस आपल्याच वऱ्हाडातलं. गाडगेबाबा. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी धर्मशाळा उभी केली ती रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. गावाकडून पेशंट घेऊन आलेली माणसं फुटपाथवर निजतात, हे त्यांनी पाहिलं. आजारी माणसाबरोबर त्याचं घरही दवाखान्यात येतं आणि त्या घरालाही छप्पर, चूल आणि पाणी लागतं, हे ज्याला शाळा मिळाली नव्हती त्याला कळलं. आज नवं रुग्णालय बांधताना नकाशावर यंत्रांच्या खोल्या असतात. नातेवाइकांची खोली कुठंय, हे नकाशा पाहताना आपण विचारत नाही. विचारायला हवं.

आता शेवटची उडी, आणि ही पुढची आहे. साल मी लिहीत नाही.

तुम्ही या वेळी आई आहात. काटोलजवळच्याच गावातल्या. तुमचा पोरगा चार वर्षांचा. पहाटे त्याला झटका येतो. तुम्ही घाबरल्या आहात, पण अंगणवाडीत आशाताईंनी शिकवलेलं आठवतं. त्याला कुशीवर वळवता, तोंडात बोट घालत नाही, चमचा घालत नाही, कांदा शोधायला कुणी धावत नाही. सासूबाई घड्याळ बघतात. नवरा हात थरथरत मोबाइल धरून चित्रीकरण करतो. पाच मिनिटं होत आली, झटका थांबत नाही. 108 ला फोन केलेलाच आहे. गाडी येते, काटोलच्या ग्रामीण रुग्णालयात नाकात मिडाझोलामचा फवारा मारतात, झटका थांबतो, आणि गाडी नागपूरच्या वाटेला लागते.

लहान मुलांच्या मेंदूविकारांचा वार्ड. डॉक्टर तरुण आहे, 1965 सालच्या त्या डॉक्टरइतकाच. तो स्टूल ओढून तुमच्या डोळ्यांच्या पातळीला बसतो. तुमचा भाऊ पुढं होऊन बोलू लागतो तेव्हा तो म्हणतो, "मामा, तुमचंही ऐकतो. पण झटका कुणी पाहिला?"

"मी," तुम्ही म्हणता.

"मग ताई, अगदी सुरुवातीपासून सांगा. घाई नाही."

"आधी डावा हात हालला जी. नुसता डावा."

तो लिहून घेतो. तुमच्या शब्दांत, तुमचं नाव घालून. मग विचारतो, कवापासून बरं नव्हतं? खेळत होता का? सकाळी उलट्या? घरात कुणाला खोकला? सासूबाई दचकतात, कारण सासऱ्यांचा खोकला कुणाला सांगायचा नाही असं घरात ठरलेलं. तो ते ओळखतो आणि म्हणतो, "आजोबांवरही इलाज होईल. मोफत." मग सासूबाईच बोलतात.

त्याला पाठीतलं पाणी तपासायचंय. तुमचे हात गार पडतात, कारण तुम्ही लहानपणापासून ऐकलंय की पाठीतून पाणी काढलं की पोरगं लुळं पडते. या भीतीपायी किती लेकरं सही न करता घरी नेली गेली, तपासणीवाचून राहिली, हे वार्डातल्या कुठल्याही जुन्या सिस्टरला विचारा. डॉक्टर हसत नाही, ओरडत नाही. स्वतःच्या कमरेवर बोट ठेवून दाखवतो. मज्जारज्जू इथं वर संपतो, सुई इथं खाली जाते. पाणी थोडंच काढतात, शरीर ते पुन्हा बनवतं. लुळं पडतं ते आजारानं, आणि आजार कोणता हे कळावं म्हणूनच पाणी काढायचं. "तुम्ही इथंच थांबा. त्याचं डोकं तुमच्या हातात राहू द्या." तुम्ही सही करता, आणि ती कशावर केली ते तुम्हाला माहीत असतं.

सकाळी राउंड येतो. तुम्हाला बाहेर काढत नाहीत. डॉक्टर तुमच्यासमोर सिस्टरला सांगतात, आणि मग तुम्हाला मराठीत. क्षयाचा मेंदूज्वर आहे. किमान वर्षभर औषध. झटक्यांचं औषध वेगळं, ते एकही दिवस चुकवायचं नाही, झटका थांबला म्हणून बंद करायचं नाही. मेंदूचा आलेख काढायचाय, तर आज डोकं धुऊन घ्या, तेल लावू नका, आणि रात्री त्याला उशिरापर्यंत जागं ठेवा, गोष्टी सांगा. तुम्हाला हसू येतं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

तुमच्याजवळ निजायला लांब होणारी खुर्ची आहे. खाली जेवण मिळतं. रोजी बुडते म्हणून नवरा आळीपाळीनं येतो. वार्डातली समाजसेविका त्याच्याशी योजनेच्या कागदांचं बोलते. रविवारी मोठी मुलगी येते, भावाच्या उशाशी संत्रं ठेवते. फिजिओथेरपीच्या ताई डावा हात कसा ताणायचा, कुशी कशी बदलायची ते तुमच्याकडून करवून घेतात. दवाखान्यातून सुट्टी मिळते त्या दिवशी सिस्टर म्हणते, "आता तुम्ही मला शिकवा." आणि तुम्ही पिचकारीत औषधाची रेघ मोजून दाखवता. पुढचं वर्षभर वार्ड काटोलला असणार, तुमच्या घरात, हे तिला ठाऊक आहे.

हा वार्ड मी कल्पनेतून उभा केला, पण त्यातली एकही वस्तू कल्पनेतली नाही. फवारा आहे, 108 महाराष्ट्रात 2014 पासून आहे, क्षयाचं औषध सरकार मोफत देतं, आईला आत घेण्याच्या सूचना नवजातांसाठी आहेत, आईला शिकवून पोरं वाचल्याचा पुरावा गडचिरोलीत आहे. स्टूल तर प्रत्येक वार्डात आहे.

तोपर्यंत एवढं करा. तुमच्या घरात, शेजारी, एसटीत, कुठंही लेकराला झटका आला तर त्याला कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबला नाही तर 108. एकानं मोबाइलवर चित्रीकरण करा. आणि दवाखान्यात "सोबत कोण आहे?" असं विचारलं, तर ज्यानं झटका पाहिला त्या माणसाला पुढं करा. बहुतेक वेळा ती भिंतीशी उभी असते.

तिला सांगू द्या, कोणता हात आधी हलला.